शहरातली वाडी आणि आपली ओळख



आपल्या उमरी स्टेशनवरून जाणाऱ्या रुळांचे एक टोक नांदेडमार्गे मुंबईकडे जाते आणि दुसरे धर्माबाद, निझामाबाद करीत सिकंदराबादकडे. घरातला मुलगा किंवा मुलगी कामासाठी निघाली की आई पहिला प्रश्न विचारते, "तिकडं आपलं कोण हाय?" पगार किती, हा प्रश्न नंतरचा. माणसाला शहरात पोटाला मिळते, पण नावाने हाक मारणारे कोणी मिळेलच असे नाही.

आजच्या पाठात आपण मुंबईतील काही जुन्या ख्रिस्ती वस्त्यांकडे पाहू. एवढ्या मोठ्या शहरात त्यांनी आपली ओळख कशी टिकवली, कुठे त्या कमी पडल्या, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे समजून घेऊ.

1. गाव आधी, शहर नंतर

मुंबई हे शहर होण्यापूर्वी तिथे गावे होती. वांद्रे, कुर्ला, मरोळ, गोराई ही त्यांतली काही. तिथल्या शेतकरी, कोळी, आगरी कुटुंबांपैकी अनेकांनी सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीजांच्या काळात, ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. बोली मात्र मराठीच राहिली. शहर वाढत गेले, शेते गेली, पण गावठाणे उरली. आजही उंच इमारतींच्या मधोमध अरुंद गल्ली, कौलारू घर आणि चौकात क्रूस दिसतो.

1896 साली मुंबईत प्लेग आला. माणसे घरे सोडून पळाली. त्या काळात अनेक वस्त्यांनी आपल्या चौकात क्रूस उभारले आणि तिथे उघड्यावर प्रार्थना सुरू केली. गिरगावातल्या खोताच्या वाडीत आणि माझगावच्या माथारपाखाडीत अशी प्रार्थनास्थळे आजही आहेत. या वस्त्यांभोवती तट नव्हता. त्यांना एकत्र ठेवले ते सर्वांनी मिळून जमण्याच्या जागेने. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा 'आगेरा' सण, लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणण्याची रीत, या गोष्टी शेती गेल्यावरही त्या लोकांनी जपल्या.

2. ओळख म्हणजे दुसऱ्याला दूर ठेवणे का?

एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूरकडून पुष्कळ ख्रिस्ती बांधव कामासाठी मुंबईत आले. चर्च एकच, पण भाषा वेगळी आणि नोकऱ्या मोजक्या. आपण इथले मूळचे आहोत हे सरकारला दिसावे म्हणून स्थानिक ख्रिस्ती लोकांनी 1887 साली आपली संघटना काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी पूर्वेचे नाव घेतले, कारण त्यांचे पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते.

इकडे गोव्याहून आलेल्यांनी धोबीतलाव, माझगाव भागात 'कूड' काढले. एकेका गावाचा एकेक कूड. जहाजावर काम करणारे, स्वयंपाकी, वाजंत्री तिथे थोड्या पैशांत राहत. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, मध्ये वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. आजारी पडला तर पाहणारे होते, काम नसले तर सांभाळून घेणारे होते. नवख्या मुलासाठी ही फार मोठी कृपा होती. पण दुसऱ्या गावच्या माणसाला तिथे जागा नसे, आणि काही कुडांत जातीचाही आडपडदा होता. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे लोक एका छपराखाली झोपायला तयार नव्हते. हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण हा आजार गावाकडेही आहे.

3. वाडीतून शहराकडे

या वस्त्यांतलाच दुसरा दाखला जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचा आहे. त्यांचा जन्म 1864 साली माझगावच्या माथारपाखाडीत, एका ईस्ट इंडियन घरात झाला. शिकून ते बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी. टिळकांनी 1916 साली होमरूल लीग काढली तेव्हा तिचे अध्यक्षपद बाप्टिस्टांकडे होते. पुढे ते कामगारांच्या चळवळीत उतरले आणि 1925 साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला आपण महापौरपद म्हणतो तेच हे पद.

त्यांनी आपली पाखाडी सोडली नाही आणि आपली श्रद्धा लपवली नाही. पण गिरणी कामगाराचे दुःख हे 'आपल्यातले' नाही असेही त्यांनी मानले नाही. वाडीने त्यांना उभे राहायला जागा दिली, आणि तिथे उभे राहून ते साऱ्या शहराकडे पाहू शकले. चांगल्या वस्तीचे काम हेच असते.

4. पवित्र शास्त्र काय शिकवते?

बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवले (यिर्मया, अध्याय 29). घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. विशेष म्हणजे ते नगर शत्रूचे होते. तिथे विरघळून जा, असे संदेष्टा म्हणत नाही, आणि दार लावून बसा, असेही म्हणत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये पहिल्या ख्रिस्तसभेतली तक्रार आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती, त्यांच्याच भाषेतल्या लोकांकडे वाटपाची जबाबदारी आली.

5. आपल्यासाठी

खोताच्या वाडीतील जुनी घरे एकामागून एक कमी होत आहेत. जागेला सोन्याचा भाव आहे, एका घराला अनेक वारस आहेत, तरुण दूर राहायला गेले आहेत. कोणाला दोष देणे सोपे आहे. पण घर विकले गेले तरी सणाला परत येणारी कुटुंबे आहेत, आणि तोवर वस्ती पुरती संपत नाही.

आपली मुले पुण्या-मुंबईत, हैदराबादेत खोली शोधतात तेव्हा आधी आडनाव विचारले जाते, मग धर्म, मग घरात काय शिजते ते. काही मुले या भीतीने आपली ओळखच झाकून टाकतात. त्यांना रागावून उपयोग नाही. आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. निघण्यापूर्वी तिथल्या चर्चचा पत्ता हातात द्यावा, आधी गेलेल्या एखाद्या भावाचा नंबर द्यावा, महिन्यातून एकदा "मिस्साला गेला होतास का?" यासोबत "जेवलास का?" हेही विचारावे.

आणि आपल्याही दाराकडे पाहावे. आपला भाग तेलंगणाच्या सीमेजवळचा. तेलुगू बोलणारे, बदलीवर आलेले, कामासाठी आलेले कुटुंब रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जात असेल, तर आपलाही एक बंद कूड झाला आहे असे समजावे.

घरी आणि समूहात विचार करण्यासाठी

1. आपल्या घरातून शहरात गेलेल्यांपैकी कोणाशी आपले बोलणे तुटले आहे?
2. मागच्या वर्षभरात आपल्या चर्चमध्ये नवे कोण आले? त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे का?
3. वाचन, गायन, सणाची तयारी यांपैकी कोणते काम आपण नव्या माणसाकडे सोपवू शकतो?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने दूर गेलेल्या एकाला फोन करावा आणि जवळ आलेल्या एकाला घरी चहाला बोलवावे.