लिव्हर कडक झाली म्हणजे ब्रेक चांगला झाला, असं नाही

ऐक माय, तू हे मला आधी विचारलंस ते फार बरं केलंस. पुढचा डिस्क ब्रेक धरून ठेवला की लिव्हर हळूहळू हँडलला जाऊन टेकते, आणि मिस्त्री म्हणतो, "वरचा पंप गेलाय ताई, कंपनीचा महाग पडंल, दुसरा चांगला निम्म्यात बसवून देतो." तू तिथल्या तिथं हो म्हणाली नाहीस. आता आपण दोघी जरा सविस्तर बोलू, कारण हा आरसा किंवा सीट कव्हर बदलण्यासारखा विषय नाही. गाडी थांबवताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळं थांबण्याचं जास्तीत जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नळेगावमार्गे लातूरला तू रोज जातेस. कारखाने सुरू झाले की मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या त्या रस्त्यावर किती असतात, ते तुला सांगायला नको.

पहिली गोष्ट, पंप खरंच गेलाय का ते बघ. लिव्हर हलक्या हातानं दाबून धरली आणि ती बसत बसत आत गेली, खाली चाकापाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला किंवा पाइपला कुठं ओल नाही, तर पंपाच्या आतली रबराची सील झिजली आहेत. तेल पुढं जायच्या ऐवजी सीलला वळसा घालून मागं येतंय. पण दोन-चारदा दाबल्यावर लिव्हर कडक होत असेल, तर बहुतेक पाइपात हवा आहे आणि पंप शाबूत आहे. लिव्हरच्या खिळीपाशी तेल पाझरत असेल तर मागचं सील गेलंय. पंपावरच्या डबीतलं तेल नुसतंच कमी झालं असेल तर आधी पॅड किती झिजलेत ते बघायचं, कारण पॅड झिजले की तेल खाली कॅलिपरात उतरतं. सील गेली असली तरी लगेच अख्खा पंप टाकायची गरज नसते. पिस्टन, स्प्रिंग आणि सील असं मास्टर किट मिळतं. पंप उघडल्यावर आतली भिंत गुळगुळीत असेल तर किट टाकून काम होतं. भिंतीला खड्डे पडलेत, गंज चढलाय, चरे उमटलेत, तर मात्र किटवर पैसे घालू नकोस. ती भिंत नवी सीलही खाऊन टाकते. मिस्त्रीला म्हण, पंप माझ्यासमोर उघडा आणि मला आत बॅटरी मारून बघू द्या.

दुसऱ्या कंपनीचा पंप म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. गाडीवर नाव एकाचं असतं आणि ब्रेक बनवणारा दुसराच असतो. आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला, एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. पुण्याकडं ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखाना आहे, आणि पल्सर-केटीएमच्या कॅलिपरवर जे 'बायब्रे' लिहिलेलं असतं ते त्याच घरातलं. ब्रेक बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात, तुझ्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून आलेला पंप असेल तर बिनधास्त घे. माझा विरोध आहे तो 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पंपाला. त्याचा चमकता रंग आणि घडीची लिव्हर बघून पोरं भुलतात. हँडलची जाडी २२ मिलीमीटर, पंपाची पकडही २२ची, म्हणून तो बसतो. पण बसला म्हणजे जुळला, असं नाही.

जुळायला लागतो तो आतल्या पिस्टनचा व्यास. हा भाग नीट समजून घे, बाकी सगळं यातच आहे.

उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथल्या डॉक्टरांची जनावरांसाठीची जाड सिरिंज तू पाहिली असशील. ती दाबायला अंगठ्याला किती जोर लागतो, आणि लहान लेकरांची बारीक सिरिंज किती सहज दाबली जाते! पंपाचंही तसंच आहे. पिस्टन जाड असेल तर थोड्याशा हालचालीत भरपूर तेल खाली जातं, लिव्हर थोडीच दबते आणि हाताला कडक लागते. पण बोटांचा तोच जोर मोठ्या क्षेत्रफळावर विभागला जातो आणि पाइपात दाब कमी तयार होतो. समजा तुझ्या गाडीला मुळात १२.७ मिलीमीटरचा पंप आहे आणि त्याजागी १४चा बसवला. बाकी लिव्हर तशीच असेल, तर तेवढ्याच जोराला दाब जवळजवळ १८ टक्के कमी मिळतो. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर लिव्हर दाबून बघितली तर मन म्हणतं, वा, काय टाइट ब्रेक झालाय! आणि रस्त्यावर ट्रॉली आडवी आली की कळतं, आता पहिल्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतोय. आपल्या बायकांच्या मुठीचा विचार तर तो पंप बनवणाऱ्यानं बहुधा केलेलाच नसतो. म्हणून मी तुला पुन्हा सांगते, उभ्या गाडीवर लिव्हर कडक लागली यावरून ब्रेकची परीक्षा करू नकोस.

उलटंही होतं. १२.७च्या जागी ११चा टाकला तर त्याच जोराला दाब वाढतो, पण प्रत्येक मिलीमीटरला खाली जाणारं तेल पाव हिश्श्यानं घटतं. लिव्हर मऊ लागते आणि फार आत येते. पॅड थोडे झिजले की ती हँडलला टेकणार, म्हणजे पुन्हा आजचंच दुखणं. म्हणून जुना पंप सोडल्यावर त्याच्या अंगावर ओतीव आकडा शोध. कुठं ११, १४ असं लिहिलेलं असतं, कुठं अपूर्णांक: १/२ म्हणजे १२.७ मिलीमीटर, ५/८ म्हणजे जवळपास १६. तोच आकडा नव्यावर पाहिजे. आकडाच नसेल तर तो पंप घ्यायचा नाही. दुकानदार कितीही खात्री देऊ दे.

आता एक बारीक गोष्ट, जी पुष्कळ मिस्त्रीही बघत नाहीत. पंपाच्या डबीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. लिव्हर सोडली की पिस्टन पूर्ण मागं सरकतो, ते भोक मोकळं होतं आणि पाइपातलं जादा तेल डबीत परत येतं. लिव्हर चुकीची असेल, किंवा तिचा ॲडजस्टर पिस्टनला थोडासाही दाबून ठेवत असेल, तर ते भोक झाकलेलं राहतं. मग डिस्क तापते, तेल फुगतं, त्याला परतायला वाट नाही, आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. जितका धरेल तितका तापेल, जितका तापेल तितका आणखी धरेल. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चाक जाम होऊन माणसं रस्त्याच्या कडेला बसलेली असतात, त्यातल्या काहींचं कारण हेच असतं. तपासणी सोपी आहे. डबीचं झाकण काढून लिव्हर अगदी हलकी दाबायची. तेलात बारीक कारंजं उसळलं तर भोक मोकळं आहे. चेहरा मात्र लांब ठेव आणि टाकीवर ओलं फडकं टाक. ब्रेक ऑइल डोळ्यांना वाईट आणि रंगाचं वैरी. सांडलं की पुसत बसू नकोस, लगेच पाण्यानं धू.

स्कूटरचा पंप बदलायचा असेल तर आणखी एक. सीबीएसच्या, म्हणजे एका लिव्हरनं दोन्ही ब्रेक लागणाऱ्या, कितीतरी गाड्यांत डाव्या लिव्हरची केबल पुढच्या डिस्कच्या पंपापर्यंत येते. तिथं बाहेरचा पंप लावला की ती जोडणीच तुटते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस आहे, आणि १२५पर्यंतच्यांना सीबीएस किंवा एबीएस. एबीएस असेल तर डबी रिकामी होऊ देणं महागात पडतं, कारण त्या युनिटात हवा शिरली की ती काढायला काही गाड्यांना कंपनीचं मशीनच लागतं. अशी गाडी शोरूमलाच ने.

बसवताना तिथं उभी राहा. संकोच करू नकोस, गाडी तुझी आहे. पाइपाच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी एकेक तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर असतं, ती दोन्ही नवीच टाकायला लाव. जुनी एकदा दबलेली असतात. त्या बोल्टचे आटेही दोन प्रकारचे मिळतात, जाड आणि बारीक. हातानं सहज फिरत नसेल तर पान्यानं रेटू देऊ नकोस. गळतंय म्हणून टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावायला निघाला, तर काम तिथंच थांबव. तेल सीलबंद बाटलीतलं, डबीच्या झाकणावर लिहिलेलं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. उघडी पडलेली बाटली नको, कारण हे तेल हवेतली ओल ओढून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १५५च्या आसपास. इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा नको, त्यानं रबर फुगतं.

एअर काढताना घाई होते तीच इथं नडते. हवा वर चढते, म्हणून हँडल असं वळवायचं की पंप सगळ्यांत उंच राहील. आधी पंपापाशीच पाइपाचा बोल्ट किंचित सैल करून तिथली हवा काढायची, मग खाली कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून. दाबा, निप्पल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. डबीत तेल सतत भरत राहायचं. रात्रभर लिव्हर रबरानं बांधून ठेवायची पद्धतही आहे, त्यानं बारीक बुडबुडे निघायला मदत होते, पण तेवढ्यावर भागत नाही.

झालं की लगेच पैसे देऊन निघू नकोस. लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धर, ती बसता कामा नये. मग सोड आणि पुढचं चाक उचलून फिरवून बघ, मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हर ओढल्यावर मागचा लाल दिवा लागतोय का बघ. बाहेरच्या पंपाचा स्विच बऱ्याचदा जुळत नाही आणि मागच्या ट्रकवाल्याला तू थांबतेयस हे कळतच नाही. हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं वळव, पाइप ताणला जाऊ नये. नंतर रिकाम्या मैदानात हळू चालवून ब्रेक लावून बघ. दोन-तीन किलोमीटर ब्रेक न वापरता गेलीस की डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाक. चर्र झालं तर ब्रेक धरतोय, परत गॅरेजला. हात लावून बघायचा नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नकोस. मिस्त्रीला घरी बोलाव, नाहीतर टेम्पोत घालून ने. "सावकाश जा, गाड्या लई येलालेत," असं आई रोज म्हणते, पण ब्रेकच लागत नसेल तर सावकाश जाऊनही उपयोग नाही. तोवर लातूरला एसटीनं जा.