घरी अभ्यासाचे सामान कसे ठेवावे

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनमध्ये ताई चौथीत गेली, पण शाळा उघडलीच नाही. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर शेतात जाई. मग आईने एक कोनाडा रिकामा करून दिला. ताईने तेथे शाळेचे सामान लावले.

कोनाड्यात पुस्तके ठेवली. पावसात आमचे धाबे गळते, म्हणून ती खताच्या धुतलेल्या गोणीत गुंडाळली. पानांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. त्याने कसर लागत नाही.

खाली केळीचे खोके, मामांनी रावेरहून आणलेले. त्यात पाटी, पेन्सिली आणि पऱ्हाटीच्या १०० काड्या. दहा काड्यांचा एक गठ्ठा, म्हणजे एक दशक. ४२ मधून १७ काढायचे असतील तर एक गठ्ठा सोडावा. मग सुट्या २ च्या १२ होतात. त्यातून ७ काढल्या की ५ उरतात. गठ्ठे ३ उरले, त्यातला १ गेला. उत्तर २५.

डब्यात चिंचोकेपण होते. ते मी आजीकडून भाजून घेतले नि खाऊन टाकले! तेव्हा मी लहान होतो. ताई खूप रडली.

आता खोके माझे आहे. परवा काड्या मोजल्या. नऊ गठ्ठे नि सात सुट्या भरल्या. धाकटीला विचारले तर ती चुलीकडे बघते.