फिरता चरखा अडखळतो तेव्हा

शिक्षक मित्रांनो, सेवाग्रामला बापू कुटी पाहून आलं की मुलं विचारतात, "सर, चाक एकदा फिरलं की चाती किती वेळा फिरते?" तेच दाखवायला मी रिॲक्टमध्ये चरख्याचं पान केलं. लॅपटॉपवर छान चाललं. वर्गातल्या जुन्या मोबाईलवर मात्र चाक गचके खायला लागलं, चातीचे फेरे मोजताच येईनात. मग त्या चित्राचा उपयोग काय?

चूक माझीच. सेटइंटरव्हलने दर १६ मिलिसेकंदांनी मी कोन दीड अंशाने वाढवत होतो, तोही स्टेटमध्ये. स्टेट बदलली की रिॲक्ट त्या भागाचा कोड पुन्हा चालवतं. साधा स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की फ्रेम गळते. शिवाय टायमरचा आणि स्क्रीनचा ताल जुळेलच असं नाही.

त्याऐवजी रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम वापरा. पुढची फ्रेम काढायच्या आधी ब्राउझर तुमच्या फंक्शनला हाक मारतो, वेळही सांगतो. कोन त्या वेळेवरूनच काढा: सेकंदाला ९० अंश, तर अर्ध्या सेकंदात ४५. फ्रेम गळली तरी चाक मागे पडत नाही, आणि १२० फ्रेमच्या नव्या फोनवर दुप्पट पळतही नाही. कोन रेफमध्ये ठेवून थेट ट्रान्सफॉर्मला द्या. स्टेटमध्ये फक्त पूर्ण फेऱ्यांचा आकडा. पानावरून निघताना कॅन्सलॲनिमेशनफ्रेम करायला विसरू नका (मी विसरलो होतो!).

खरी चाती याहून कितीतरी जास्त फिरते. मोजता यावं म्हणून चित्रात मी एका फेऱ्याला आठच ठेवलेत, आणि मुलांना तसं आधीच सांगतो.