गट्टू खचत नाही, खालची माती खचते

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी, वडीगोद्री, शहागड या पट्ट्यात मी बांधकामाची कामं करतो. ओटे, गोठे, घरकुलं करता करता पेव्हर ब्लॉकची कामं वाढत गेली. आमच्याकडे गट्टूच म्हणतात. नवे बसवायला बोलावणं येतं, तसं खचलेले उचलून परत बसवायलाही येतं, आणि हे दुसरं काम मी जास्त मन लावून करतो. अंगणात म्हातारी माणसं अनवाणी फिरतात. अर्ध्या इंचाची वर आलेली कड अंगठा फोडते, कधी खुब्याचं हाड मोडते.

१. आधी माती ओळखा.
गोदाकाठची आमची जमीन काळी, खोल. कापसाला, उसाला सोन्यासारखी. बांधकामाला मात्र तिच्याइतकी अवघड माती नाही. बसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत जी चिकण असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात रानात पडलेल्या भेगा बघा, कोपरापर्यंत हात जातो. तीच माती तुमच्या अंगणाखाली आहे. वर कितीही भारी गट्टू लावा, ती दरवर्षी खालून हलणार.

उपाय म्हणजे काळी माती जमेल तितकी काढायची आणि मुरूम भरायचा. पायी वावरायच्या अंगणाला मी फूटभर तरी मुरूम घालायला सांगतो, गाडी येत असेल तर दीड फूट. काहीजण म्हणतात, त्यापेक्षा खडीच टाका, लवकर होईल. नुसती खडी टाकली की पावसाळ्यात ओली माती तिच्या फटींत वर घुसते आणि खडी खाली बसते. थोडी चिकण असलेला, पण न फुगणारा मुरूम पाणी मारून नीट दाबला की तो काळ्या मातीला वरून धरून ठेवतो. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी याच गोष्टीवर काम केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायचा, ही त्यांची पद्धत कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर वापरली गेली. तिथं थर जवळजवळ मीटरभराचा होता. अंगणाला तेवढा कुणी करत नाही, पण फूटभर मुरमाचा खर्च वाचवायचा नाही, एवढं त्यातून घ्यावं.

२. पाणी कुठून येतं ते शोधल्याशिवाय एकही गट्टू उचलू नका.
खचलेल्या अंगणात माझा पहिला अर्धा तास नुसतं बघण्यात जातो. गच्चीचा पाईप कुठं पडतो? पत्र्याच्या पागोळ्या कुठं गळतात? न्हाणीचं पाणी कुठून जातं? नळाच्या तोटीखाली जमीन कायम ओली आहे का?

एका घरी दारासमोरचाच भाग सारखा बसायचा. दोनदा दुरुस्त करून घेतला होता. घरच्या मावशी म्हणाल्या, “दादा, गट्टूच हलके दिलेत बघा.” गट्टू चांगले होते. गच्चीचा पाईप भिंतीलगत बरोबर त्या जागी सोडलेला. जालन्याला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पाऊस म्हणजे पासष्ट हजार लिटर पाणी, आणि ते सगळं दाराच्या एका कोपऱ्यात. पाईप वाढवून पाणी गटारीला नेलं, मगच गट्टू उचलले. त्यानंतर ती जागा बसलेली नाही.

गटार नसेल तर शोषखड्डा करा, पण अंगणापासून आणि पायापासून लांब, दहा फूट तरी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून उघड्या गटारी आणि डास घालवले. आपल्याकडेही ते सहज होण्यासारखं आहे. फक्त शोषखड्ड्याचं पाणी गट्टूखालच्या मातीत मुरता कामा नये.

आणि अंगणाला ढाळ द्या, दहा फुटांना दोन इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. लेव्हल ट्यूब लावून दोरी बांधा. नजरेनं दिलेला ढाळ पहिल्या पावसात उघडा पडतो.

३. काम दिवाळीनंतर काढा.
गावोगाव गट्टूची कामं निघतात ती मार्चअखेरीला आणि मे महिन्यात. निधी खर्चायचा असतो, लग्नसराई असते, मजूर रिकामे असतात. पण त्या वेळी माती वाळून पूर्ण आकसलेली असते. तिच्यावर सपाट केलेलं अंगण पावसाळ्यात कडेनं भिजतं, कडा उचलल्या जातात आणि मधे बशी होते. पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात मातीत मध्यम ओल असते. त्या वेळी केलेलं काम कमी हलतं. ग्रामपंचायतीच्या कामालाही हेच लागू आहे, आणि ग्रामसभेत हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

४. वाळूनं खड्डा भरू नका.
सगळ्यात जास्त बिघाड यातच आहे. मुरूम वरखाली राहिला की मिस्त्री वाळू टाकून लेव्हल मारतो. एका बाजूला एक इंच, दुसऱ्या बाजूला चार. चार इंच वाळू गाडीखाली बसणारच. गट्टूखालची वाळू २० ते ४० मिलिमीटर, म्हणजे साधारण पाऊण ते दीड इंच, आणि सगळीकडे सारखी. लेव्हल मुरमातच काढायची.

हिशोब सांगतो, म्हणजे ट्रॉली मागवताना फसगत होत नाही. २० बाय १५ फुटांचं अंगण म्हणजे ३०० चौरस फूट. एक इंच वाळूला २५ घनफूट लागतात, म्हणजे पाव ब्रास. फूटभर दाबलेल्या मुरमाला तीन ब्रास, आणि मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून मागवायचा चार ब्रासच्या जवळपास. कुणी दोन ब्रास वाळू आणि एक ब्रास मुरूम सांगितला, तर काम उलटं चाललंय.

नदीच्या वाळूचा हट्ट नको. धुतलेली क्रश सँड चालते. मातकट वाळू मात्र कुठलीच नको.

५. चाक कुठलं येणार ते ठरवा.
२०२३ च्या ऑगस्टअखेरीस मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुरू झालं आणि अंतरवाली सराटीकडे माणसांचे लोंढे येऊ लागले. पण माणसांच्या पायांनी गट्टू खचत नाहीत. खचवतात ती चाकं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीतून निघालेला ठोकताळा असा आहे, की ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. आमच्या तालुक्यात उसाच्या ट्रॉल्या आहेत, मोसंबीच्या गाड्या आहेत, उन्हाळ्यात टँकर आहेत. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं.

भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे नुसत्या वावराला ५० मिलिमीटर जाडीचा आणि एम-३० प्रतीचा गट्टू, हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर आणि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० आणि एम-४०. ट्रॅक्टर आत घेणार असाल तर ८० च्या खाली जाऊ नका. चाक जिथं वळतं तिथं काटकोनात एकमेकांत अडकणारी मांडणी करा. सरळ ओळी वळणाऱ्या चाकाखाली सरकतात.

६. कड बांधा.
कडेला काँक्रीटचा बांध नसेल तर गट्टू बाहेर सरकतात, सांधे उघडतात, वाळू निघून जाते. घरमालक शेवटी पैसे संपले म्हणून नेमकी कडच सोडतात.

७. दुरुस्ती अशी करा.
खचलेल्या जागेच्या चहूबाजूंनी दोन-दोन फूट जास्त उचला. उचलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि ओळींवर खडूनं आकडे टाका. पहिला गट्टू निघायला त्रास देतो. दोन चपटे पेचकस समोरासमोर घालून हळूहळू डुलवा, नाहीच निघाला तर तो एक फोडा. पहारीनं शेजारचे उचकटू नका, कडा तुटतात.

जुनी वाळू पूर्ण काढा. खाली चिखल लागला तर घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. घुशीचं बीळ सापडलं तर ते शेवटपर्यंत उकरून भरा. मग मुरूम तीन-चार इंचांच्या थरानं, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. वर एक इंची दोन पाईप ठेवून त्यांच्यावरून पट्टी ओढा, पाईप काढा, त्यांच्या खाचा वाळूनं भरा. गट्टू आजूबाजूपेक्षा पाव इंच वर बसवा, प्लेट कॉम्पॅक्टर फिरला की ते बरोबरीला येतात. सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडूनं भरा, पुन्हा मशीन, पुन्हा वाळू. आठवड्यानं सांधे परत बघा.

हे काम कमीपणाचं नाही. नेदरलँड्समध्ये खाउडा नावाचं शहर मऊ जमिनीवर आहे आणि सतत खचतं. तिथं रस्त्याचे गट्टू उचलून, खाली भर घालून तेच परत बसवतात. सिमेंटचा रस्ता असा उचलता येत नाही. गट्टूचा मोठा गुण हाच आहे.

८. सांध्यांत सिमेंट ओतू नका.
खालची माती हलली की ते तडकतं, आत गेलेलं पाणी अडकतं आणि पुढच्या दुरुस्तीला प्रत्येक गट्टू फोडावा लागतो.

९. शंभरामागे चार गट्टू जास्त घ्या.
साचा बदलतो, कारखाना बंद पडतो, रंग जुळत नाही. जास्तीचे घराच्या मागच्या बाजूला रचून ठेवा, आणि ते कुठं ठेवलेत हे घरातल्या सुनेला, मुलाला सांगून ठेवा.