शस्त्रक्रियेपूर्वीचे स्कॅन : स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी थोडेसे

“एक स्कॅन झालेले असताना डॉक्टर दुसरे कशासाठी सांगतात?” हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक कार्यालयात येऊन विचारतात. प्रश्न खर्चाचा असल्याने तो रास्तच आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. तरीही डॉक्टरांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहे.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी या आजाराने निधन झाले, तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोहोचले. स्वादुपिंड जठराच्या मागे खोलवर असते. त्यामुळे गाठ लवकर लक्षात येत नाही. पुष्कळदा न दुखणारी कावीळ हेच पहिले लक्षण ठरते. शिरगावसारख्या गावांतून काही घरी अशा वेळी प्रथम काविळीची माळ घातली जाते आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

हा रोग बरा होण्याची आशा मुख्यतः गाठ पूर्णपणे काढण्यावर असते. परंतु निदानाच्या वेळी शंभरांपैकी साधारण १५ ते २० रुग्णांमध्येच ते शक्य असते. ते रुग्ण कोणते, हे प्रामुख्याने सी.टी. स्कॅनवरून ठरते. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यानंतर सुमारे ४० ते ५० सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळते व गाठ बहुधा काळसर दिसते. सुमारे ७० सेकंदांनी यकृत व मोठ्या नीला स्पष्ट होतात. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये या दोन्ही वेळा साधलेल्या नसतात. म्हणून दुसरे स्कॅन.

आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या मुख्य धमनीला गाठ किती बिलगली आहे, हे त्यात पाहतात. स्पर्श नसेल व रोग अन्यत्र पसरलेला नसेल, तर शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा मोकळा असतो. अर्ध्या परिघापर्यंत स्पर्श असल्यास सहसा आधी केमोथेरपी देऊन पुन्हा स्कॅन करतात. वेढा त्याहून अधिक असल्यास सहसा शस्त्रक्रिया टाळतात. यकृतावरील शंकास्पद ठिपक्यासाठी एम.आर.आय. उपयोगी पडते, पोटाच्या आवरणावरील बारीक कण मात्र कित्येकदा दुर्बिणीतूनच दिसतात.

काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट बसवावयाचा असल्यास शक्यतो स्कॅन त्यापूर्वी करावे. स्टेंटनंतर सूज आल्यास चित्र अस्पष्ट होते. आधीच्या स्कॅनची सी.डी. जपून ठेवावी.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. आपल्या देणगीतून एखाद्याचे स्कॅन झाले आणि शस्त्रक्रिया शक्य नाही असे निष्पन्न झाले, तर ती रक्कम वाया गेली असे मानू नये. पोट उघडून, गाठ तशीच ठेवून टाके घालावे लागणे यातून तो रुग्ण वाचला आणि त्याच्या वाट्याचे दिवस घरच्यांसोबत गेले. ताळेबंदात ही जमा दिसत नाही. पण ती जमाच आहे.