वाटेचे पैसे एकदाच

सॅन होजे, कॅलिफोर्निया

चि. ओंकार,


गाडीच्या कूलंटच्या गळतीसाठी वॉटर पंप बदलायची तू पाठवलेली दोन्ही एस्टिमेटं नीट वाचली. एकात मजुरी 1,530 डॉलर, दुसऱ्यात 260, आणि तुझा प्रश्न, ‘मावशी, यातला मला लुबाडतोय कोण?’ दोन्ही कागद मला पसंत नाहीत, पण लुबाडण्याची भाषा इतक्यात नको. गॅरेजच्या काउंटरवर असली एस्टिमेटं लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. मजुरी रास्त आहे की नाही हे खालच्या बेरजेवरून ठरवता येत नाही. तास कोणत्या कामाचे लावलेत आणि एकाच वाटेचे पैसे दोनदा घेतलेत का, हे बघावं लागतं.

त्याआधी एक. गॅरेजपर्यंत हळूहळू चालवत नेतो म्हणतोस, ते करू नकोस. तुझ्या पोर्शे बॉक्स्टरचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. कूलंट कमी असताना ते तापलं की हेड वाकतं किंवा तडकतं, आणि मग पंपाच्या मजुरीची चर्चाच संपते. इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. टो करून ने. ते पैसे वाया जाणार नाहीत.

आता गाडी समजून घे, कारण तास गाडीच्या रचनेतून येतात. पोर्शेची 911 गाडी 1998पर्यंत हवेवर थंड होणारी होती. पूर्णपणे पाण्यावर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत त्यांनी आणलं ते 1996मध्ये, तुझ्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे 986मध्ये. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढच्या बंपरमागे दोन बाजूंना, आणि कूलंटची टाकी मागच्या डिकीत. त्यामुळे कूलंट गाडीच्या पोटाखालून पाइपांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं-येतं. साध्या छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त कूलंट यात मावतं, आणि एवढ्या लांब वाटेत हवा अडकून राहायला जागाही भरपूर. म्हणून नुसतं टाकी भरून झाकण लावलं की काम झालं, असं या गाडीत होत नाही. व्हॅक्यूमने हवा खेचून मग कूलंट भरावं लागतं, नाहीतर टाकीवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गाडी चालवून, पुन्हापुन्हा पातळी बघत बसावं लागतं. हा वेळ खरा आहे. त्याचे पैसे मागणारा मेकॅनिक तुझं नुकसान करत नाही.

वॉटर पंप इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे तुझ्या पाठीमागे आहे. छत अर्धवट उघडं ठेवून सीटमागचं कार्पेट आणि पत्रा काढायचा, तिथून बेल्ट सोडवायचा, मग गाडी लिफ्टवर घेऊन खालचे पत्रे काढायचे आणि अडचणीच्या जागेत हात घालून एकेक बोल्ट सोडायचा. पंप स्वतः दोन हातांत मावेल एवढा. पैसे त्याच्यापर्यंत पोचण्याचे असतात. या कामाला चार तास लावले तर मी ते मान्य करेन.

हे चार तास घड्याळातले नसतात, पुस्तकातले असतात. इथल्या गॅरेजमध्ये प्रत्येक कामाचे तास छापील मार्गदर्शिकेत ठरलेले असतात आणि गिऱ्हाइकाला तेच लावतात. सरावलेला माणूस चारांचं काम तीनात उरकतो, गंजलेला बोल्ट तुटला तर त्याच कामाला सहा लागतात. दोन्ही वेळा तुला चारच लावतात. तेव्हा ‘गाडी तर तीन तासांत दिलीत’ म्हणून भांडायला जाऊ नकोस. ती त्याच्या हाताची कमाई आहे. तासाचा दर 180 बघूनही दचकू नकोस. अधिकृत डीलरकडे या भागात 200च्या पुढेच जातो. त्या दरात जागेचं भाडं, विमा, लिफ्ट, संगणकावर गाडी तपासायचं यंत्र हे सगळं येतं. मेकॅनिकला स्वतःची हत्यारं आणायला सांगायचं असेल तर कॅलिफोर्नियात त्याला किमान वेतनाच्या निदान दुप्पट पगार द्यावा लागतो. कामाच्या नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाला विश्रांतीच्या आणि रिकाम्या वेळाचाही पगार वेगळा द्यायचा, असा कायदा 2016पासून आहे. हे मला पटतं. आपल्या गाडीखाली झोपून काम करणाऱ्याला नीट पैसे मिळालेच पाहिजेत.

आता 1,530चा कागद पुढ्यात घे. निदानाला एक तास, वॉटर पंप चार तास, थर्मोस्टॅट दोन तास, कूलंट काढणं-भरणं दीड तास. साडेआठ तास गुणिले 180. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर खोटी नाही. थर्मोस्टॅट एकटाच बदलायला कोणी गेलं तर दोन तास लागतीलही. पण थर्मोस्टॅटचं घर पंपाच्या शेजारीच आहे. पंपासाठी पत्रे निघाले, कूलंट सांडून झालं, हात तिथवर पोचला, की थर्मोस्टॅटला उरतात मोजके बोल्ट आणि एक गॅस्केट. माळ्यावरून पेटी काढायला शिडी लावली की शेजारचं पातेलंही त्याच शिडीवरून खाली येतं, शिडीचं भाडं दोनदा कोणी देत नाही. थर्मोस्टॅटला अर्धा तास पुरे. आणि पंपाच्या पुस्तकी तासांत कूलंट काढणं-भरणं बहुतेक वेळा धरलेलंच असतं, ते वेगळं लावलंय तर का, हे विचारायलाच हवं. व्हॅक्यूमचं काम वेगळं धरलंय म्हणाले तर अर्धा तास दे. म्हणजे निदानाला एक, पंप चार, थर्मोस्टॅट अर्धा, व्हॅक्यूम अर्धा. सहा तास, 1,080 डॉलर. 450 डॉलरचा फरक दराला हातही न लावता निघाला. घासाघीस करायची ती इथे, दरावर नाही.

निदानाच्या तासाला तू नाक मुरडलंस, ते चूक आहे. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरायचा, काटा किती वेगाने उतरतो ते बघायचं आणि ओल कुठून येते ते टॉर्च घेऊन शोधायचं, हेच सगळ्यात जोखमीचं काम. या गाडीत डिकीतली टाकी तडकते, पंप गळतो, पुढच्या रेडिएटरपुढे पानं साचून कुजतात आणि तोही सडून गळतो. कधी नुसतं झाकण दाब धरत नसतं. झाकण पोर्शेने वेळोवेळी सुधारलं, क्रमांकाच्या शेवटी 04 असलेलं नवं झाकण मजुरीशिवाय हाताने बसतं. हे न तपासता चार तासांचा पंप बदलला आणि गळती टाकीची निघाली, तर तुझे पैसे गेलेच.

260च्या कागदावर नेमकी हीच ओळ नाही. ‘पंप बदलणे, दोन तास, दर 130.’ दाबाची तपासणी नाही, हवा काढण्याचा उल्लेख नाही. या पंपाच्या आतलं पंख्यासारखं चक्र प्लॅस्टिकचं असतं. त्याची पाती तुटून तुकडे कूलंटच्या वाटांत जाऊन बसतात. जुना पंप काढल्यावर पाती मोजायची, एखादं कमी भरलं तर तुकडे शोधायचे, वाटा धुवायच्या. त्या कामाला कोणी जादा तास मागितला तर तो मी डोळे मिटून मंजूर करेन. दोन तासांत हे काही होणार नाही. स्वस्त मजुरीत बहुधा कामच कमी असतं.

तुझ्या मित्राने त्याच्या 911 टर्बोची गोष्ट सांगून घाबरवलंय, तेही मनातून काढ. त्या काळातल्या टर्बो आणि जीटी3 गाड्यांच्या इंजिनात कूलंटच्या नळ्यांची तोंडं चिकटवलेली असतात. ती सुटली की पक्क्या दुरुस्तीसाठी इंजिन बाहेर काढून तोंडं वेल्ड करतात किंवा पिना ठोकतात. तिथे मजुरीचा आकडा प्रचंडच येणार आणि तो रास्तही असतो. तुझं इंजिन वेगळं आहे. तुझ्याकडे इंजिन काढायची भाषा कोणी केली, तर तेलात कूलंट मिसळल्याचा पुरावा आधी माग.

कायदा तुझ्या बाजूला आहे. या राज्यात लेखी एस्टिमेट आणि तुझी संमती घेतल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि ठरल्यापेक्षा जास्त लागणार असेल तर आधी तुला विचारावं लागतं. बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवावी लागते, भाग नवा की जुना हेही लिहावं लागतं. कूलंट विषारी आहे, त्याची विल्हेवाट लावण्याचे पैसे घेता येतात, पण ते वेगळ्या ओळीत आणि गॅरेजच्या पर्यावरण खात्याच्या क्रमांकासह. आणि काम सोपवतानाच सांगून ठेव की जुने भाग मला परत हवेत. नंतर आठवलं तर ते कचऱ्यात गेलेले असतात.

जुना पंप मिळाला की हातात धरून बघ. दांडा बोटांनी हलवला तर डुगडुगतो का, पाती सगळी आहेत का, खालच्या बारीक भोकाजवळ वाळलेल्या कूलंटची पापडी धरलीय का. पापडी असेल तर पंप गळतच होता आणि निदान खरं होतं. तीनपैकी काहीच नसेल तर शांतपणे विचार की पंप का बदलला.

मला विचारशील तर काम पहिल्याच गॅरेजला दे. त्यांनी निदानाचा तास धरलाय आणि काय करणार ते लिहून दिलंय. तू आत्मसन्मान राखून बोल, त्यांचाही राख. सोमवारी फोन करून एवढंच विचार: पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र करताना थर्मोस्टॅटला किती तास जादा लागतात, आणि कूलंट भरणं पंपाच्या तासांत धरलंय का? सुधारलेला कागद ईमेलवर माग. सहा-साडेसहा तासांच्या आत आला तर सही कर. साडेआठच राहिले तर मला कळव, आपण दुसरं गॅरेज बघू.

तुझी,
मावशी