दहा ठिपके आणि तीन प्रश्नचिन्हं

सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टीला "का?" विचारावं, हे गॅदरिंगचे प्रत्येक प्रमुख पाहुणे सांगून जातात. ते अवघड का जातं, हे मात्र कुणीच सांगत नाही. (आपल्या हॉस्टेलमध्ये "सप्लिमेंट जास्त, तर मार्क जास्त" यावरसुद्धा शंका घ्यायची सोय नाही!) म्हणून आपल्याच मटेरियल सायन्समधलं एक उदाहरण घेऊया.

बाथरूमची फरशी आठवा. चौकोनी टाइल्स फट न ठेवता बसतात, षटकोनीही बसतात. पंचकोनी का नाही? नियमित पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन टाइल्स ठेवल्या की ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथी टाइल त्यात मावत नाही. क्रिस्टलचंही तसंच. अणूंची रचना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर २, ३, ४ किंवा ६ पटीची सिमेट्री चालते, ५ पटीची नाही. ही काही ऐकीव समजूत नव्हती. त्यामागे पक्कं गणित होतं आणि १९१२ पासून क्ष-किरणांनी केलेल्या तपासण्यांचा सत्तर वर्षांचा अनुभव होता.

८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन हा इस्रायली शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ॲल्युमिनियम आणि मँगनीजचा एक मिश्रधातू तपासत होता. वितळलेला धातू अतिशय वेगाने थंड करून तो बनवला होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये त्याला एका वर्तुळात सारख्या अंतरावर दहा ठिपके दिसले. नियमाप्रमाणे हे अशक्य. त्याने वहीत "१० फोल्ड" असं लिहिलं आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली.

मला यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "मी नियम मोडला!" असं ओरडत तो बाहेर धावला नाही. असे ठिपके फसवेही असू शकतात, हे त्याला माहीत होतं. काही साधे क्रिस्टल एकमेकांना ठरावीक कोनात चिकटून वाढले, ज्याला आपण ट्विनिंग म्हणतो, तर त्यांचे ठिपके एकत्र होऊन खोटी सिमेट्री दिसते. म्हणून तो आधी ट्विन्स शोधत बसला. ते सापडले नाहीत, तेव्हाच त्याचा स्वतःवर विश्वास बसला. म्हणजे ज्या नियमावर शंका घ्यायची, तो आधी मानणाऱ्यांपेक्षाही नीट शिकावा लागतो. आपण नेमकं इथेच कंटाळतो.

इतरांचा विश्वास बसायला वेळ लागला. ग्रुपच्या प्रमुखांनी त्याला टेक्स्टबुक वाचायला दिलं आणि नंतर ग्रुप सोडायला सांगितलं. १९८४ च्या उन्हाळ्यात पाठवलेला पेपर परत आला. शेवटी तिघा सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला पेपर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छापून आला, तेव्हा विरोधात उभे राहिले लायनस पॉलिंग! दोन नोबेल मिळवलेला माणूस. हे सगळं ट्विनिंगच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

गोष्टीत पॉलिंगना व्हिलन करणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्यांची शंका रास्त होती. क्ष-किरणांनी तपासण्याएवढे मोठे क्रिस्टल तेव्हा मिळतच नव्हते, आणि अशा प्रश्नात क्रिस्टलवाल्यांचा भरवसा क्ष-किरणांवर. १९८७ मध्ये फ्रान्स आणि जपानमध्ये असे मोठे क्रिस्टल बनले आणि बहुतेकांनी आपलं मत बदललं. पॉलिंगनी मात्र १९९४ मध्ये वारेपर्यंत बदललं नाही. शंका घेण्यात चूक नव्हती. उत्तर मिळाल्यावरही तीच शंका धरून बसणं, हे मात्र माझ्या मते चुकलं.

गणिताचं काय झालं? ते आजही खरंच आहे. रचना पुन्हा पुन्हा येत असेल, तर ५ पटीची सिमेट्री अशक्यच. पण नीट शिस्तीत असलेली रचना पुन्हा पुन्हा यायलाच हवी, हे कुणी सिद्ध केलं होतं? सगळ्यांनी ते धरून चाललं होतं, इतकंच. या नव्या पदार्थांना क्वासिक्रिस्टल म्हणतात.

१९९२ मध्ये क्रिस्टलोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने क्रिस्टलची व्याख्याच बदलली आणि २०११ मध्ये शेख्टमनना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या झेरॉक्स नोट्समध्ये अजून जुनीच व्याख्या फिरते आहे. सेमिनारला विषय शोधणाऱ्यांनी जरूर बघावं.